टेकू देणारं वाक्य

"हे साफ चुकीचं आहे," ती जरा मोठ्यानेच म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं.

रविवारच्या दुपारी वाचनालयाच्या अभ्यासिकेत टाचणी पडली तरी ऐकू येते. चार-पाच माना वर झाल्या आणि परत खाली गेल्या. समोरच्या माणसाची मान मात्र वरच राहिली. त्याच्या बोटांत लाल पेन होतं.

"कितवा प्रश्न?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"याच पुस्तकाची प्रुफं तपासतो मी. नवी आवृत्ती निघतेय. चूक राहिली तर… बोलणी मलाच खायची आहेत."

ती ओशाळली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दिवसाला साठ-सत्तर जणांचं रक्त काढताना तिची सुई कधी चुकली नव्हती, पण या पुस्तकाने तिला रडकुंडीला आणलं होतं. तिला रक्ताच्या आजारांवरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता, दूरच्या शहरात. त्याच्या प्रवेश परीक्षेतलं गणित जमत होतं, भाषा जमत होती. घोडं पेंड खात होतं ते एकाच जागी: खालीलपैकी कोणतं विधान निष्कर्षाला बळकटी देतं?

तिने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. एका रुग्णालयाने परिचारिका वाढवल्या, त्यानंतर रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. म्हणून परिचारिका वाढवल्यामुळेच रुग्ण लवकर बरे होतात. तिने निवडलेलं उत्तर होतं, 'रुग्णांनी परिचारिकांच्या प्रेमळ वागण्याचं कौतुक केलं.'

"कौतुक खरंही असेल," तो म्हणाला. "पण माणूस बरा कशाने झाला, ते त्यातून कुठे कळतं? आधी निष्कर्ष पकडा. मग कारण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये फट कुठे आहे ते शोधा. त्याच महिन्यात एखादं नवं औषध आलं असेल तर? 'दुसरा काहीच बदल झाला नव्हता', हे वाक्य ती शंका मिटवतं. ते टेकू देतं. बाकीची नुसती गोड आहेत."

"मला गोड वाक्यं आवडतात."

"दिसतंच आहे ते," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

पुढच्या रविवारी ती त्याच टेबलाशी बसली. योगायोगानेच… निदान तिने स्वतःला तसं बजावलं होतं. तो आला, त्याने तिच्यासमोरची खुर्ची ओढली, आणि मग रविवार कधी उजाडतो याचीच ती वाट पाहू लागली. तो तिला 'सुईवाली' म्हणायचा, ती त्याला 'लाल पेन'. चुकलेल्या उत्तराभोवती तो इतका हळुवार गोल काढायचा की मुद्दाम चुकावंसं वाटे.

"हे तू मुद्दाम चुकलीस," एकदा तो म्हणाला. तोंडातून 'तू' निसटलं तसा तो गोरामोरा झाला.

"पुरावा?" तिने विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि ती त्याच्या लाल झालेल्या कानांकडे.

तिसऱ्या महिन्यात त्याने तिला घरी नेलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी चाकांची खुर्ची, आणि खुर्चीत त्याचा थोरला भाऊ. पुस्तकावर लेखक म्हणून ज्याचं नाव होतं, तो हाच. पाच वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि भाषाच गेली. हजार प्रश्न रचणाऱ्या माणसाकडे आता एकच शब्द उरला होता, 'नाही'. पाणी हवं असलं तरी 'नाही', आनंद झाला तरी 'नाही'.

दर महिन्याला दादांचं रक्त तपासावं लागे, आणि सुई पाहिली की ते हात झटकत. तिने त्यांच्याशी पुस्तकातल्या प्रश्नावर वाद घातला, आणि ते ऐकायच्या नादात असतानाच रक्त काढून घेतलं. दादा तिच्याकडे बघून म्हणाले, "नाही." आणि हसले. चहा ठेवायला गेलेला धाकटा बराच वेळ बाहेर आला नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. तिचं नाव यादीत अकरावं होतं.

ही बातमी सांगायला ती धावत त्याच्या घरी गेली, आणि दारात पोचेपर्यंत तिची चाल मंदावली. तीन वर्षं. चौदा तासांचा प्रवास.

"मी जात नाही," ती म्हणाली. तिने सगळं मनाशी जुळवून आणलं होतं. "दादांना माझी सवय झालीय. इथे माझी नोकरी आहे. म्हणून मी इथेच राहावं. आता तू एक वाक्य जोड. असं, की कुणाला मोडता येणार नाही."

तो झोपलेल्या दादांच्या अंगावरची चादर सारखी करत होता.

"दादाला सवय दुसऱ्याचीही होईल. नोकरी तिकडेही मिळेल."

"ते नाही विचारलं मी."

"ठाऊक आहे काय विचारलंस." तो तिच्यासमोर येऊन बसला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे वाक्य खरं आहे. पण त्यावरून तू इथे राहावंस, हे ठरत नाही."

"ठरतं," ती म्हणाली.

"नाही ठरत गं." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "मलाही लागला होता असाच एक निकाल. त्याच वर्षी दादाला झटका आला. राहा म्हणून कुणी सांगितलं नाही, मीच राहिलो. तरी कधीकधी मला त्याचा राग येतो. त्याची काही चूक नाही, तरी येतो. उद्या तू माझ्याकडे तशी बघायला लागलीस तर… मला नाही सोसवणार."

"तू चल ना माझ्याबरोबर."

त्याने खिडकीकडे पाहिलं. खुर्चीत दादा झोपले होते. तिला उत्तर मिळालं, आणि असं विचारल्याची लाजही वाटली.

निघायच्या दिवशी सकाळी बसस्थानकावर तो आला, तेव्हा तिची आई सामान मोजत होती. वसतिगृहापर्यंत पोचवायला आईही निघाली होती. चारचौघांत काय बोलणार? त्याने बॅगा वर चढवल्या, पाण्याची बाटली दिली. बसच्या पायरीशी क्षणभर दोघंच उरले.

"मी येईन सुट्टीत," ती म्हणाली.

"ये. पण माझ्यासाठी म्हणून तिथलं काही सोडून येऊ नकोस." मग त्याने तिच्या खांद्यावरची ओढणी, वाऱ्याने उडाली होती ती, नीट केली. पहिल्यांदाच त्याने तिला असा स्पर्श केला होता.

बस निघाली. तो हात न हलवता उभा होता. वळण आलं, आणि तो दिसेनासा झाला.

शहराची वेस आली. आई म्हणाली, "कोण गं तो?"

शिकवणारा, ओळखीचा, प्रुफं तपासणारा… पुष्कळ उत्तरं होती. "आई, माझं प्रेम आहे त्याच्यावर," ती म्हणाली. त्याला हे सांगायचं राहूनच गेलं, हे तिला बोलताना कळलं.

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बस चढावर होती, हळू चालली होती.

"थांबवायला सांगू का ड्रायव्हरला?" आईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

बाहेर शेवटची घरं मागे पडत होती. तिने डोळे पुसले, ते पुन्हा भरले.

"नको," ती म्हणाली.

आईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि चढ संपेपर्यंत सोडला नाही.