सहा सेंटीमीटरचं गौडबंगाल

“सेहेचाळीस!” धक्क्यावर पालथी पडलेली मोजपट्टी ओरडली. “काल चव्वेचाळीस होते!”

“अगं, पडशील पाण्यात!” तिचा मावसभाऊ उचापत्या तिचे पाय घट्ट धरून बसला होता.

दिसेल ते मोजत सुटायची म्हणून घरात तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. सुट्टीत ती मावशीकडे आली होती. मावशी बोटी बांधायची. तळ्यातली ही सहलीची बोटही तिनंच बांधलेली. बोटीच्या कुशीवर तिनं खालून वर सेंटीमीटरचे आकडे रंगवले होते. पाणी ज्या आकड्याला टेकेल, तेवढी बोट पाण्याखाली. त्याला मावशी ‘डूब’ म्हणायची. रिकाम्या बोटीची डूब चाळीस. पंचावन्नवर लाल रेघ. ती बुडाली की बोट सोडायची नाही!

“तीन दिवसांपूर्वी चाळीस होते. बोट रिकामीच आहे, मग सहा सेंटीमीटर खाली गेलीच कशी?” मोजपट्टीनं वही काढली. “दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, तळ परातीसारखा सपाट. म्हणजे एक सेंटीमीटर खाली जायला तिला तीनशे लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. बोट जेवढं पाणी सारते, तेवढंच तिचं वजन!”

“म्हणजे सहा सेंटीमीटरला...” उचापत्यानं बोटांवर हिशेब केला. “अठराशे किलो! बाप रे! बोटीत हत्तीचं पिल्लू लपलंय की काय?”

“आणि दहा वाजता पन्नास आजी-आजोबा चढणार! साठ किलोंच्या हिशेबानं तीन हजार किलो. अजून दहा सेंटीमीटर!”

“छप्पन्न! लाल रेघ पाण्याखाली!”

दोघं धावत सुटले. मावशी सामान आणायला गावात गेलेली, फोनही उचलेना. घड्याळात साडेनऊ!

चालककाका बोटीत पाय पसरून मोबाइलवर गाणी ऐकत होते. मोबाइल चार्जरला लावलेला.

“काका, बोट जास्त बुडालीय!”

“तळ्याचं पाणी वाढलंय, म्हणून तसं दिसतं,” काकांनी मानही वळवली नाही.

“पण पाणी वाढलं तर बोटही वर येते ना! आकडे तेच राहतात!”

“मी वीस वर्षं बोट चालवतोय. तू कितवीत?”

“सातवीत.”

“मग आठवीत गेल्यावर ये!”

मोजपट्टीचे डोळे भरून आले. एवढ्यात पहिली गाडी येऊन थांबली. काठ्या टेकत, हसत-खिदळत आजी-आजोबा उतरू लागले. बोटीच्या आत पाणी साचलं असेल, तर ते एका बाजूला धावून बोट कलंडेलच! हो, पाणीच असणार! एवढं जड आणि न दिसणारं दुसरं काय असतं?

तिनं उचापत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

“काका, पैज!” तो म्हणाला. “ही तळाची फळी उचला. खाली सहा सेंटीमीटर पाणी नसेल, तर आम्ही दोघं आठवडाभर बोट धुऊ. शेवाळासकट!”

काकांना बोट धुवायचा भारी कंटाळा. ते टुणकन उठले. “शब्द फिरवायचा नाही हं!” म्हणत त्यांनी फळी उचलली.

खाली काळंशार पाणी डुचमळत होतं!

मोजपट्टीनं पट्टी बुडवली. बरोबर सहा! काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा जिथून बाहेर जातो, तिथून पाणी झिरपतंय,” मागून आवाज आला. मावशी! हातातली पिशवी खाली टाकून ती गुडघ्यांवर बसली. “थोडं झिरपतंच, पण ते उपसायला पंप दिलाय ना? तो का बंद?”

उचापत्या पंपाच्या वायरीचा माग काढत गेला आणि खो-खो हसत सुटला. “आई! पंपाची पिन काढून तिथे काकांचा चार्जर लावलाय!”

काका कानापर्यंत लाल झाले. “चुकलंच माझं,” ते पुटपुटले. “पोरांनो, आज तुम्ही नसता तर...”

मावशीनं दांड्याभोवतीचा नट आवळला. पंप घरघरू लागला, शेजारच्या बोटीतला मोठा पंपही आणला. मोजपट्टी आकडे ओरडत होती आणि धक्क्यावरचे आजी-आजोबा तिच्यामागून ओरडत होते. “पंचेचाळीस! त्रेचाळीस! एक्केचाळीस! चाळीऽऽस!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीनं तिला जवळ ओढलं. “बोट मी बांधली, पण आज वाचवलीस तू.”

एकेक जण चढू लागला. सगळ्यात शेवटी एक गोलमटोल आजी आल्या. त्यांनी बोटीत पाऊल टाकलं आणि लगेच त्या थबकल्या.

“खरं सांग हं पोरी, माझ्यामुळे किती बुडाली?”

मोजपट्टी पाण्यावर वाकली. “दोन, फार तर तीन मिलिमीटर, आजी!”

“एवढीच?” आजी बोटीत बसलेल्या आपल्या आजोबांकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, “ऐकलंत का हो? आणि म्हणे मी जाडी!”