अण्णाजींची हिरवी गाडी

सुरभी, तो फोन उलटा ठेव, उजेड डोळ्यांत येतो. रजत, तू भिंतीला टेकून बस. पाठीमागे कोणी नाही याची खात्री असलेली बरी.

आयुष्यभर कारकुनी केली मी. सही-शिक्का नसला की कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा आमचा धर्म. या गोष्टीला सही नाही. ज्याच्यावर बेतली तो देवेंद्र माझा शेजारी, आणि ती त्याने माझ्याच ओट्यावर बसून सांगितली. तो निघाला होता साध्या कामाला. रोहण्याच्या नत्थूजींकडून काकांसाठी मालिशचं तेल आणायचं होतं. पण आधी गाडीचं ऐका.

त्याचे काका अण्णाजी. त्यांच्या वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मोटार घेतली होती. दोन माणसांची, बिनछपराची, गडद हिरवी. साहेबाचं राज्य गेलं, पण गाडीचं तेल गळायचं काही थांबलं नाही. अण्णाजींच्या बायकोची, आनंदाबाईंची, कणकेची परात कायम इंजिनाखाली. गाडीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं. दोन फेऱ्यांना ती ढिम्म. तिसरीला खोकायची, मग धडधडायची. अण्णाजी तीसच्या पुढे जात नसत. सायकलवाले पुढे जाऊन, मागे वळून रामराम करायचे.

मग अण्णाजींची उजवी बाजू लुळी पडली. पोटी मूल नाही. पुतण्या देवेंद्र पुण्याहून आला, घरूनच नोकरी करू लागला. म्हणाला, गाडी नवी करून आणतो.

"रंग दे, सीटा शिव," अण्णाजी म्हणाले, "पण इंजिनाले हात नोको लावजो. तो माह्या बापाचा आवाज हाय."

"नाही लावत, काका."

नागपूरच्या कारागिराने त्याला दुसरं इंजिन दाखवलं. जपानी, दुप्पट ताकदीचं. सोबत डिस्क ब्रेक, बोटाने फिरेल असं स्टिअरिंग, बटण दाबलं की सुरू. माणूस मोहात पडतो तेव्हा त्याला काका आठवत नाहीत. जुनं इंजिन हँडलसकट भंगारात गेलं.

गाडी आली. दिसायला तीच, फक्त तेल गळत नव्हतं. "काकू, घ्या परात, मळा कणीक," देवेंद्र म्हणाला. आवाज मात्र शिलाई मशीनचा. आणि अण्णाजींची खाट गाडीच्या शेडकडे उघडणाऱ्या खिडकीशी. रोज संध्याकाळी ते म्हणायचे, "चालू कर बे, आयकू दे."

देवेंद्रने नागपूरला जाण्याआधी जुना आवाज फोनमध्ये घेऊन ठेवला होता. तोच तो गाडीच्या नव्या स्पीकरवर लावायचा. दोन फेऱ्या, खोकला, धडधड, आणि शेवटी अंगणातल्या मोत्याचं भुंकणं.

"नाना, ही तर फसवणूक झाली," सुरभी म्हणाली.

देवेंद्र त्याला सोय म्हणायचा. सोयीत अडचण एकच होती. मोत्या दिवाळीत मेला होता.

एका संध्याकाळी अण्णाजी देवेंद्रला म्हणाले, "देवा, मोत्या मेला ना?"

"हो, काका."

"मंग रोज काऊन भुंकून राह्यला?"

"दुसरं कुत्रं असेल."

अण्णाजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर गाडीचं नावही काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर देवेंद्र सुटला असता.

दोन हजार पंचवीसची पौष अमावास्या, बुधवार. नत्थूजींनी जेवू घालूनच सोडलं, त्यामुळे रोहण्याहून निघायला साडेअकरा झाले. तेलाची बाटली पायाशी. जाऊन काकांना उठवायचं आणि खरं सांगायचं, हे त्याने ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

नाल्याच्या पुलाअलीकडे गाडी बंद पडली.

दिवे गेले. बटण दाबलं. काही नाही. फोनही काळा.

तुरीत वारा होता. तोही थांबला.

मग पुढून आवाज आला. लोखंडाचा.

खर्र... एक फेरी.

खर्र...

पुढे कोणी नव्हतं. गाडी मात्र प्रत्येक फेरीला दबत होती, उठत होती.

तिसरी.

गाडी खोकली.

धडधड सुरू झाली. स्पीकरमधून नाही. सीटखालून, तळपायांतून. कुत्रं भुंकेल म्हणून देवेंद्र वाट पाहत राहिला...

भुंकलं नाही.

गाडी आपणच चालू लागली. स्टिअरिंग दगडासारखं जड. पाय कितीही दाबला तरी तीस. शेजारची सीट करकरली, माणूस सावरून बसतो तशी. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"काका..."

...

"काका, मी इंजिन विकलं. तुम्हाला रोज फोन ऐकवला."

...

"शिव्या द्या. पण बोला."

गाडी चालत राहिली.

"मग?" रजतने विचारलं. भिंतीला तो आता चिकटलाच होता.

मग घर आलं. ओसरीत दिवा, दारात माणसं. त्यांत मीही होतो. आनंदाबाई उंबऱ्यात बसलेल्या.

"आता येऊन राह्यला का?" त्या म्हणाल्या. "मघाशी आलता ना तू? गाडी शेडात लागली, म्या आयकली. हे हसले. म्हणे, 'आली. आज खरी आली. देवाले बोलव.' म्या दार उघडलं त शेड रिकामी. वळून पाह्यलं त..."

त्यांनी आत खाटेकडे बोट केलं.

नंतर देवेंद्रने मला एकच विचारलं, "नाना, त्यांनी ऐकलं असेल का?" जन्मभर लोकांच्या अर्जांना उत्तरं दिली. याला मी चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून परतलो, तर गाडीखाली काळं तेल साचलं होतं. नागपूरचा कारागीर आला. बॉनेट उघडलं. नवं इंजिन जागच्या जागी, आतलं तेल मधासारखं, खुणेपर्यंत भरलेलं. गळती कुठेच नाही. "ये तेल इस गाडी का नही," एवढं म्हणून तो निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

आनंदाबाई स्वयंपाकघरात गेल्या. परात आणली. गाडीखाली सरकवली.

गाडी तिथेच उभी आहे. देवेंद्रने बॅटरी काढून ठेवली आहे. गाडी कोणी चालवत नाही. आज तिन्हीसांजेला मी तिकडूनच आलो. परात अर्धी भरली होती. बोट बुडवून पाहिलं.

तेल कोमट होतं.