गेममधलं सॅनेटोरियम

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर गुदरली ती आयरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या तळहातांवरचे व्रण मी स्वतः पाहिलेत. विश्वास ठेवा, नका ठेवू. फक्त वाचताना हसू नका.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. गेल्या ऑगस्टमधली, लोणावळ्यातली. ऑगस्टमधला लोणावळा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी बाराला गाड्या दिवे लावून चालतात. समोरून माणूस येतोय हे तो खोकला की कळतं.

आयराच्या अब्बांची, कादरभाईंची, बाजाराच्या मागच्या गल्लीत बेकरी आहे. बेकरीच्या वरच्या खोलीत आयरा आणि तिची मैत्रीण सारिका मिळून मोबाइलचा गेम बनवत होत्या. सारिका मूळची नवलाख उंबरे गावची. तिथल्या कारखान्यातली नोकरी सोडून ती या कामासाठी लोणावळ्यात खोली घेऊन राहिली होती.

गेम होता रिक्षांच्या शर्यतीचा. आणि शर्यत कुठे? तर आपल्याच लोणावळ्यात.

बाजार, चिक्कीची दुकानं, रेल्वेवरचा पूल, घाटाची वळणं, सगळं जसंच्या तसं. रिक्षा आली की पर्यटक छत्र्या टाकून पळायचे. माकडं वेफर्सची पाकिटं पळवायची. कादरभाईंची बेकरीसुद्धा होती. तिच्यावर रिक्षा आदळली की पाव उडायचे. ते पाहून कादरभाई पोट धरधरून हसले होते.

आयरा प्रत्येक इमारतीचे फोटो काढायची आणि त्यावरून गेममधली इमारत उभी करायची. पण फक्त बाहेरून. दारं रंगवलेली, खिडक्या रंगवलेल्या. आत काहीच नाही. नुसती पोकळी.

गेममध्ये असंच करतात. आत जायचंच नसेल तर आतलं बनवायचं कशाला?

बाजार संपतो त्या वळणावर एक जुनं सॅनेटोरियम आहे. पूर्वी मुंबईची कुटुंबं हवापालटाला येऊन तिथे उतरायची. आता कित्येक वर्षं बंद. दुमजली, लाकडी सज्जा, आणि सगळ्या खिडक्यांवर बाहेरून ठोकलेले गंजके पत्रे. आयराने तेही गेममध्ये आणलं. खिडक्या पत्र्यांनी बंद दाखवल्या, दार रंगवलं, काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सारिका गेम खेळून तपासत होती. मध्येच थांबली.

"आयरा, सॅनेटोरियमची वरची खिडकी उघडी का ठेवलीस?"

"नाही ठेवली."

"मग ही काय?"

आयराने पाहिलं. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी... उघडी होती. पत्रा नव्हता. आत काळोख.

चूक झाली असेल म्हणून तिने ती बंद केली.

सकाळी परत उघडी.

परत बंद केली. जेवून आल्या तर परत उघडी. आणि आता आवाजही येत होता.

ठण... ठण ठण... ठण...

"हा आवाज कुठून टाकलास?" सारिकाने विचारलं.

"मी नाही टाकला. पत्र्याचा आहे बहुतेक."

सारिकाने गेमचे सगळे आवाज एकेक करून काढले. रिक्षाचा भोंगा गेला. पाऊस गेला. माकडं गप्प झाली.

ठण... ठण ठण...

तिने स्पीकरची वायरच उपटली.

ठण...

 आयराने हळूच खोलीची खिडकी उघडली. धुकं आत आलं. आणि धुक्याबरोबर तोच आवाज. वळणाकडून येणारा.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर आयराने अम्मीला, हुस्नबानोंना, सहज विचारलं, "अम्मी, त्या सॅनेटोरियमचं काय गं?"

हुस्नबानोंचा घास हातातच राहिला.

"तू कशाला विचारतेस?"

आयराने खिडकीचं सांगितलं. आवाजाचं सांगितलं. हुस्नबानोंनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "लीलाबाई म्हणून एक बाई होती. तिकडे पवनानगरच्या धरणाच्या बाजूची, गाव पाण्याखाली गेलेली. सॅनेटोरियममध्ये झाडलोट करायची. मी नवी नवरी होते तेव्हा. पावसाळ्यात सॅनेटोरियम बंद करायचे, खिडक्यांना बाहेरून पत्रे मारायचे. त्या साली बाई तापाने फणफणून वरच्या खोलीत पडली होती. कुणाला ठाऊकच नाही. कुलूप लावून सगळे निघून गेले."

"मग? ओरडली नाही ती?"

"पाऊस बेटा... असला पाऊस की शेजारच्या घरातलं रडणं ऐकू येत नव्हतं. पत्रा मात्र वाजायचा. सगळ्यांनी ऐकला. मीही ऐकला. लोक म्हणायचे, वाऱ्याने पत्रा वाजतोय."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

ती वर आली आणि सारिकाला म्हणाली, "आपण सॅनेटोरियमला खरं दार करू. उघडणारं. आतला जिनाही करू. रिक्षा पुढून आत, मागून बाहेर. मजा येईल खेळणाऱ्यांना."

"मजेसाठी करायचंय, की त्या बाईसाठी?"

आयरा म्हणाली, "निदान माझ्या लोणावळ्यात तरी ते दार उघडं असू दे."

आतलं बनवायचं तर आत जाऊन फोटो काढायला हवे होते. किल्ली होती अंबाजी आबांकडे. म्हातारे गृहस्थ, मालकाने राखणीला ठेवलेले. आयराला लहानपणापासून ओळखत. तरीही कुलूप काढताना त्यांनी एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"पोरी, बाहेरूनच काढ की फोटू."

"आबा, लगेच येते."

"जा मंग. पर दार मी लावायचा न्हाई. हितंच हुबा ऱ्हातो. आन् वर जाऊ नगं."

आयराने अंगातला पिवळा रेनकोट काढून दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवला. पाणी ठिबकत होतं त्यातून. डोळे अंधाराला सरावले तशी ती पुढे गेली. खालच्या खोल्या, स्वयंपाकघर, जिना, सगळ्याचे फोटो काढले. मोडक्या खाटा, ओल, वाळवी. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि मग ती वर गेली.

जावंसं वाटलं म्हणून गेली, एवढंच तिला सांगता येतं.

कोपऱ्यातली खोली. दार उघडंच. खिडकीवर पत्रा. आयराने मोबाइलचा दिवा त्यावर धरला.

पत्रा आतून बाहेरच्या बाजूला फुगलेला होता. जागोजागी. मुठीएवढे खळगे.

तिने फोटो काढला नाही. मागे वळली आणि दाराकडे हात नेला. दार आता लागलेलं होतं. लागताना आवाज झाला नव्हता. तिने कडी धरली...

बोटांत काहीच आलं नाही.

कडी सपाट होती. दारावर रंगवलेली. फळ्यांमधल्या फटी रंगवलेल्या. बिजागऱ्या रंगवलेल्या. तिने नखाने खरवडलं, तर आत भिंत. तिने स्वतः गेममध्ये दारं रंगवली होती ना, अगदी तसं.

"आबा!"

तिने पुन्हा हाक मारली.

मग तिच्या लक्षात आलं... पावसाचा आवाज थांबलाय. ओलीचा वास गेलाय. भिंतींना कसलाच वास नाही. तिने पाय आपटला. पायाचाही आवाज झाला नाही. जणू खोली कुणी बाहेरूनच बनवली होती, आणि आत काही घालायचं विसरलं होतं.

तिने सारिकाला फोन लावला. लागला!

"हॅलो? आयरा?"

"सारिका, मी अडकलेय! वर, कोपऱ्याच्या खोलीत! आबांना सांग, लवकर..."

"हॅलो? अगं, बोल ना."

"सारिका! ऐकू येतंय का?"

"काहीच ऐकू येत नाहीये गं. नुसता पत्रा वाजतोय तुझ्याकडे. बाहेर ये आणि लाव."

फोन कट झाला.

त्यानंतर तो लागलाच नाही.

आयरा सांगते, की त्या क्षणी तिला लीलाबाई कळली. आयरा किंचाळत होती, आणि तिची प्रत्येक किंकाळी बाहेरच्यांना पत्रा होऊन ऐकू येत होती. खाली आबा उभे होते. पलीकडे रस्ता होता, माणसं होती. सगळ्यांना ऐकू येत होतं. आणि कुणीच येणार नव्हतं.

ती पत्र्यापाशी गेली आणि मुठी आपटायला लागली. ठण. ठण. हात फुटले तरी थांबली नाही. किती वेळ गेला, तिला माहीत नाही.

आणि मग...

तिची मूठ मागे होती. हवेत होती. तरी पत्रा वाजला.

ठण.

तिच्या डाव्या बाजूला. अगदी जवळ.

तिने मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. एक हात. वर जायचा, पत्र्यावर आपटायचा. पुन्हा वर. आयरा थांबली की तो थांबायचा. ती आपटायला लागली की तोही लागायचा. श्वास ऐकू येत होता, तापातल्या माणसाचा असतो तसा, भरभर. ती रडत होती, आणि शेजारीही कुणीतरी रडत होतं.

मग खाली धाडकन काहीतरी उघडलं.

"आयराऽऽ!"

पायांचे आवाज. खरे. जिन्यावरचे. दार लोटलं गेलं. साधं लाकडी दार, गंजक्या कडीचं. दारात सारिका, मागे धापा टाकत अंबाजी आबा. आयरा जमिनीवर बसलेली. हात रक्ताने भरलेले. शेजारी कुणी नाही.

फोन ठेवल्यावर सारिकाची नजर समोरच्या स्क्रीनवर गेली होती. गेम चालू होता. वरची खिडकी बंद झाली होती, पत्र्याने. आणि खालचं दार, जे अजून नुसतं रंगवलेलंच होतं, ते सताड उघडं होतं. सारिका तशीच स्कूटीवर बसून निघाली होती.

आल्यावर पाहते तो सॅनेटोरियमला कुलूप. आबा शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेले.

"आबा, आयरा कुठेय?"

"ती तर मघाशीच गेली की."

"गेली? कुठे?"

"माझ्या म्होरनं भाईर पडली. पिवळा रेनकोट घातलेला, टोपी पार फुडं वढलेली. म्या म्हनलं, झालं का पोरी? मान हलिवली आन् गेली धुक्यात. मंग म्या कुलूप लावलं."

"आणि हा आवाज? वरून येतोय तो?"

"पत्रा हाय त्यो. वाऱ्यानं वाजतोय."

सारिका आजही म्हणते, त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.

खाली उतरताना आयराने दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं. रेनकोट नव्हता. खिळ्याखाली जमिनीवर पाण्याचं छोटं थारोळं होतं. आबा कुलूप तिथेच टाकून पायरीवर बसले. "मंग ती कोन व्हती?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं.

गेम जानेवारीत आला. चांगला चाललाय. त्यात सॅनेटोरियम नाही. त्या वळणावर दोघींनी बाग केली आहे.

इथवरच सगळं संपलं असतं तर आयराने मनाची समजूत घातली असती. बिचारी लीलाबाई सुटली, असं हुस्नबानोंनी तिला सांगितलंही. त्यांनी दुवा मागितली, दोन दिवस घरात छान शांत वाटलं.

पण गेम येण्याआधीच, दिवाळीनंतर, जानू आला. पवनानगरचा जीपवाला. धरणाकाठच्या तंबूवाल्यांसाठी तो बेकरीतून पाव नेतो. पाव बांधताना त्याला आयराचे हात दिसले. "हे काय झालं?" म्हणून त्याने विचारलं, आणि कादरभाईंनी सगळं सांगितलं.

जानूने पावांची पिशवी खाली ठेवली.

"त्या दिवशी आमच्या जीपमधी बसली व्हती एक बाई. पिवळा रेनकोट. त्वांड दिसत नव्हतं. दुधिवरे खिंड येईस्तवर एकच सांगत व्हती सगळ्यास्नी. वर येक पोरगी ऱ्हायलीय, तिला काढा. हात जोडत व्हती. आमाला वाटलं डोकं फिरलंय बाईचं."

"कुणीच काही केलं नाही?" आयराने विचारलं.

जानूने मान खाली घातली. "जीप भरलेली व्हती, ताई. कुनी उतारलं न्हाई."

"आणि ती कुठे उतरली?"

"तिकोणा पेठेच्या अलीकडं. पान्याच्या कडंला. तितं घर न्हाई, वाट न्हाई. म्हनलं, मावशी, हितं कुटं? तर म्हनली, घरी."

हे सगळं आयराने मला बेकरीच्या वरच्या खोलीत बसून सांगितलं. सांगून झाल्यावर तिने आपले तळहात उघडून पाहिले.

"लीलाबाई तर माझ्या आधीच बाहेर पडली होती," ती म्हणाली. "ती जीपमध्ये होती. माझ्यासाठी हात जोडत होती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मग त्या खोलीत माझ्या शेजारी उभं राहून पत्रा कोण वाजवत होतं?"