चौदा महिन्यांचं बेट

मिठबावच्या किनाऱ्यावर एक तरुण एका समुद्रपक्ष्याला मोठ्या प्रेमाने बुडवत होता.

जुलैचा दुसरा आठवडा. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या. नम्रता देवगडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि वादळाने किनाऱ्यावर फेकलेले पक्षी मोजण्यात तिचे पावसाळ्यातले रविवार जायचे. मासळीच्या निळ्या टबात खारं पाणी होतं. त्यात काळ्या पाठीचा सुरय मान टाकून पडला होता, आणि टबापाशी उकिडवा बसलेला तरुण त्याची समजूत काढत होता, "घाबरतंस कित्याक रे? तुझ्याच घरचा पाणी मां ह्या!"

"अहो, काढा त्याला बाहेर! मरेल तो."

त्याने वर पाहिलं. "समुद्रावरचा पाखरू, ता पाण्यात मरतला कसा?"

"याच्या पिसांत पाणी शिरतं. हा समुद्रावर बसत नाही. वर्षानुवर्षं उडत राहतो, आणि जमिनीला पाय लावतो तो अंडी घालायला. तेही कुठल्यातरी लांबच्या बेटावर."

"वर्षानुवर्षा? मगे ह्येची बायल काय म्हणत असतली?"

नम्रताने हसू दाबायला वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर नुसती रेघ होती.

त्याने अंगातला शर्ट काढून पक्ष्याला गुंडाळलं. नाव सर्वेश. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पक्ष्याची तब्येत कळवण्यासाठी त्याने तिचा नंबर घेतला. तिसऱ्या दिवशी सुरय उडून गेला, पण तब्येतीचे निरोप येतच राहिले. फक्त आता ते नम्रताच्या तब्येतीबद्दल असायचे.

दर रविवारी मोजणी संपली की ती त्याच्या शेडमध्ये चहाला थांबू लागली. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बोलण्यासाठी जवळ बसावं लागे. दोघांचीही त्याला हरकत नव्हती.

तिथेच तिने त्याला पत्र दाखवलं. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला एक बेट. तिथल्या संशोधन केंद्रात पक्ष्यांच्या गणनेसाठी तिची निवड झाली होती.

"समुद्राच्या तळातून ज्वालामुखी उसळला, लाव्हा साठत साठत पाण्यावर आला. तेच हे बेट," ती म्हणाली. "आपल्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा लाव्हाच. पण तो कधीच थंड झाला, हा अजून धुमसतोय."

"म्हणजे आपलो डोंगर म्हातारो, तो ज्वान. आणि आसा काय थंय?"

"शेवाळ, गवत, वारा. झाड एकही नाही. पेंग्विन, सील आणि अल्बट्रॉस. अल्बट्रॉसची जोडी जन्मभराची असते. एक घरट्यात, एक समुद्रावर. कितीतरी दिवस भेट नाही."

"बरा आसा. भांडूक वेळच गावणा नाय." मग त्याने विचारलं, "किती दिवस?"

"तयारी आणि प्रवास धरून चौदा महिने. जहाज वर्षातून एकदाच जातं."

सर्वेशच्या हातातला पाना थांबला... आणि पुन्हा फिरू लागला. "मगे जा," तो म्हणाला. "अशी संधी परत येवची नाय."

बस्स, एवढंच. नम्रता चहा अर्धा ठेवून उठली. तिला बेटावर जायचंच होतं. थांब असं त्याने म्हणावं, अशीही तिची अपेक्षा नव्हती. पण आणखी एक शब्द... ज्याच्या आधारावर चौदा महिने काढता येतील असा? तो मागून घ्यायचा नाही, हे तिने घाटीची वाट चढता चढता ठरवून टाकलं. पुढचे दोन रविवार ती शेडकडे फिरकली नाही. केंद्राला उत्तरही पाठवलं नाही; त्या एका शब्दावाचून ते लिहवेना.

उत्तराची मुदत संपायच्या आदल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. सर्वेशचे वडील, भाई, यांनी स्वतः फोन केला. "गाऱ्हाण्याक येवकच होया. समुद्रापलीकडे जातंस मां तू?"

वाडीचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, भाईच घालायचे. देवापुढे काही लपवायचं नाही आणि घरातली अडचण असेल ती मोकळेपणी सांगायची, अशी तिथली रीत. प्रत्येक मागणीला मागची माणसं सवयीने होकार भरत.

गुडघाभर पाण्यात उभे राहून भाईंनी नारळ उचलला. "बा समुद्रा म्हाराजा! ह्यो मानाचो नारळ गोड मानून घे. होड्यो सोडतव त्यो सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नम्रता, कुडाळचा चेडू. खंयच्या त्या आगीच्या बेटार चौदा म्हयने जाता हा. तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझो झील सर्वेश! तेच्या मनात ह्या चेडू भरला हा, पण तोंड उघडूक जमणा नाय. नीट जेवणा नाय, इंजिनाचे नट उलटे बसवता हा. काय ता एकदा मार्गी लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले, आणि मग आपण कशाला होकार भरला ते त्यांच्या ध्यानात आलं. बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. सर्वेश केव्हाच होडीमागे गेला होता.

नम्रता तिथे जाऊन उभी राहिली. "खरं आहे?"

"देवाक सांगल्यान म्हणजे खराच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगलंय आसतंय तर तुझो पाय निघालो नसतो."

"निघाला असता," ती म्हणाली. "तरीही गेले असते मी."

सर्वेश हळूहळू हसला. "मगे माझोच हिशोब चुकलो. उगाच उपाशी रवलंय."

पाऊस भुरभुरत होता. नम्रताने फोन काढला. त्याने दोन्ही तळवे फोनवर छपरासारखे धरले. केंद्राला तिने दोन ओळी लिहिल्या: निवड स्वीकारते, येते आहे. आणि पाठवून दिल्या.

"आता माका लिही," तो म्हणाला.

"तू तर समोर उभा आहेस!"

"आसू दे. चौदा म्हयने वाचूक होया."

तिने त्याच्याच बोलीत लिहिलं. त्याच्या खिशात फोन वाजला. ओल्या बोटांनी तो उघडायला त्याला बराच वेळ लागला.

'परत येतंय. तुझ्याकडेच.'