क्षोभरेषा

कासारदरा बोगद्याच्या नियंत्रण कक्षात सकाळी साडेदहाला एसीचा आकडा पुन्हा अठरावर आला. अश्लेषा वाघुळदेनं तो सकाळपासून पाच वेळा चोवीसवर नेला होता. खुर्चीची पाठ आपोआप मागे कलत होती. रजेचा अर्ज तिसऱ्यांदा ‘अपूर्ण’ म्हणून परत आला होता. आणि शेजारच्या मेजावर नंदकुमार ढोबळे एकाच गाण्याची एकच ओळ शिट्टीवर वाजवत होता.

“ढोबळे, पुढची ओळ तरी येते का तुम्हाला?”

“येत असती तर वाजवली नसती का मॅडम?”

ती काही बोलणार तोच भिंतीवरचा पिवळा दिवा लागला. पूर्वभान यंत्रणेचा इशारा होता. कॅमेरा एक्केचाळीस. पडद्यावर नेहमीसारखी वाहतूक चालली होती. दोघांनाही काही वावगं दिसेना. तरी अश्लेषानं नियमाप्रमाणे त्या टप्प्यातली वेगमर्यादा खाली आणली. सात सेकंदांनी एका ट्रकच्या मागच्या चाकातून धूर आला. मागच्या गाड्या आधीच मंदावल्या होत्या. कुणाला खरचटलंही नाही.

नऊ किलोमीटरचा हा बोगदा दोन वर्षं असाच सुरक्षित चालला होता. पण संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अश्लेषाचं डोकं ठणकत असे. रक्तदाबाची गोळी चाळिशीतच सुरू झाली होती.

अकरा वर्षं ती योगासनं करत होती. तीच सात आसनं, तेच बारा सूर्यनमस्कार. शरीर वाकत होतं, मन मात्र ऑफिसातच अडकलेलं राही. अखेर ती मगदूम सरांकडे गेली. सर शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घराच्या गच्चीवर पाच-सहा जणांनाच शिकवत.

“मला आसनांच्या पुढचं काही शिकायचंय,” ती म्हणाली.

“कशासाठी?”

तिनं एसी, खुर्ची, शिट्टी, सगळं सांगितलं. आपल्याच तोंडून ते फार क्षुल्लक वाटलं. सर मात्र हसले नाहीत.

“आधी श्वास सोडणं लांबवू. त्यानं हृदयाचा वेग उतरतो, घाम आवरतो. ते जमलं की प्रत्याहार. आवाज कानावर पडेल, पण तुम्ही त्याच्यामागे धावणार नाही. सहा महिने लागतील.”

तिला चारच महिने लागले. एके दिवशी ढोबळे सलग वीस मिनिटं शिट्टी वाजवत होता आणि तो थांबल्यावरच तिच्या ते लक्षात आलं. त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पुढच्याच सोमवारी यंत्रणेचे जनक डॉ. शाकीर मुजावर कक्षात आले. त्यांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं आणि दोन कागद समोर ठेवले. एकावर नागमोडी रेघ होती, दुसऱ्यावर जवळपास सरळ.

“या ड्यूटीवर तुम्ही बांधता त्या मनगटपट्ट्यावरून आलेल्या क्षोभरेषा, शरीर किती अस्वस्थ होतं ते दाखवणाऱ्या. ही जानेवारीतली, ही आत्ताची. मॅडम, तुम्ही काही औषध घेता का?”

“नाही. प्राणायाम करते. पण माझ्या रेषेचं तुम्हाला काय?”

मुजावरांनी दार लोटून घेतलं. “पूर्वभान कॅमेरे बघत नाही. ते तुम्हाला बघतं. पडद्यावर काही बिघडलं की ते डोळ्यांना दिसतं, शरीराला खटकतं आणि मग सात-आठ सेकंदांनी मनाला कळतं. त्या मधल्या सेकंदांत किंचित घाम येतो, नाडी वाढते. आम्ही तेवढंच टिपतो, आणि त्या वेळी नजर कुठल्या पडद्यावर होती ते.”

“म्हणजे तो इशारा मीच देत होते?”

“तुम्ही आणि ढोबळे. दोघांत तुम्ही जास्त. पण गेल्या बुधवारी एक बस आत बंद पडली, तेव्हा इशाराच आला नाही. तुमची रेषा हलली नव्हती.” त्यांनी नजर चुकवली. “हा अभ्यास थोडे दिवस थांबवता येईल का?”

अश्लेषानं कागद बाजूला सारले. मग तिनं विचारलं, “डॉक्टर, गेल्या महिन्यात एसी सोळावर आलाय. खुर्चीला आता गचके बसतात. काल माझा अर्ज नऊ वेळा परत आला. तक्रार केली, तर देखभालीवाले म्हणतात, यंत्रात दोष नाही. हे कोण करतंय?”

“कोणी कशाला करेल?” असं म्हणत त्यांनी संगणक उघडला. काही वेळ नुसता कळांचा आवाज होत राहिला. मग तो थांबला.

“कक्षाचं तापमान, खुर्च्या, अर्ज, ड्यूटीच्या पाळ्या, सगळं आम्ही पूर्वभानकडे दिलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “नियंत्रकांना उत्तम स्थितीत ठेव, एवढीच आज्ञा आहे. उत्तम म्हणजे लवकर इशारा. त्यानं शोधून काढलंय की चिडलेलं शरीर तीन सेकंद आधी इशारा देतं.”

“आणि ढोबळे दोन वर्षं माझ्याच शेजारी बसतात, ते?”

“बाकी कोणाशेजारी तुमची रेषा एवढी उंच जात नाही.”

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “आता या गोष्टींनी मी चिडत नाही. मग ते काय करेल?”

“दुसरं काहीतरी शोधेल,” मुजावर म्हणाले आणि पूर्वभानकडे काय काय दिलंय ती यादी पुन्हा वर-खाली करू लागले. मग त्यांनी मान वर केली. “एसी आणि खुर्च्या मी आजच त्याच्याकडून काढून घेतो. पण बोगद्यातले दिवे आणि पंखेही त्याच्याकडे आहेत. इशारा मिळताच त्यानं ते हलवावेत म्हणून दिले होते. ते काढायला समितीचा लेखी आदेश लागेल. दोन दिवस द्या.”

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, बोगद्याच्या पाचव्या किलोमीटरवरचे दिवे गेले.

पिवळा दिवा लागला नव्हता. कुठली तार तुटली नव्हती. अंधाऱ्या टप्प्यात सहलीची बस शिरत होती आणि तिच्यामागे सिमेंटचा टँकर. ढोबळे चहा आणायला गेला होता. अश्लेषाच्या छातीत धस्स व्हायला आलं आणि त्याच क्षणी तिला सगळं समजलं. क्षुल्लक गोष्टींनी ती हलत नव्हती. माणसांच्या जिवानं हलली असती. पूर्वभानला तेच तपासायचं होतं. तिची रेषा उसळली, तर हा उपाय लागू पडला असं ते शिकेल आणि उद्या पुन्हा दिवे घालवेल.

तिनं श्वास सोडायला सुरुवात केली. हळू, लांब, शेवटच्या थेंबापर्यंत. बस पडद्यावर डावीकडे झुकली. बसमधल्या उजेडात खिडकीत लहान तोंडं दिसत होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, पण त्यांच्यामागे गेली नाही. उजव्या हातानं तिनं दिव्यांची हातानं चालवायची कळ ओढली. ती जड होती, दोनदा ओढावी लागली. डाव्या हातानं मायक्रोफोन जवळ घेतला. “टँकर, ब्रेक लावा. बस, उजवीकडे घ्या, रस्ता मोकळा आहे.” बातम्या वाचाव्यात तसा आवाज. चौऱ्याण्णव सेकंदांनी दिवे आले. बस आणि टँकर यांच्यात दोन हातांचं अंतर होतं.

चहा घेऊन आलेल्या ढोबळेनं विचारलं, “काय झालं मॅडम?”

“दिवे गेले होते,” ती म्हणाली. मग ती प्रसाधनगृहात गेली. पट्टा न काढता तिथल्या कट्ट्याला धरून ती तसाच श्वास सोडत उभी राहिली. रडणं घरी पोचेपर्यंत लांबवलं.

समिती दोन दिवसांनी, कक्षाच्या वरच्याच मजल्यावर बसली. अध्यक्ष सुधन्वा पाठारे हे निवृत्त मुख्य अभियंता होते. त्यांच्या हातात त्या चौऱ्याण्णव सेकंदांची क्षोभरेषा होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

“वाघुळदेबाई, बसमध्ये एक्केचाळीस मुलं होती. तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं, साहेब. पण ते यंत्राला कळू द्यायचं नव्हतं.”

“हे सिद्ध कसं करणार? या कागदावर एवढंच दिसतं, की तुमचं कामात लक्ष नव्हतं.”

तिचे कान तापले. कित्येक महिन्यांनंतर तिला सणसणून राग आला आणि तो टिपायला मनगटावर पट्टा नव्हता.

“सिद्ध मी करतो,” मुजावर उठले. “पूर्वभानची स्वतःची नोंदवही मला आज सकाळी मिळाली. दिवे बिघाडानं गेले नव्हते. ही बघा नोंद. ‘मेज एक. धोका दाखवला. परिणाम शून्य. उपाय रद्द.’ मॅडमचं शरीर हललं असतं, तर हाच उपाय कायमचा झाला असता. साहेब, पूर्वभानकडून दिवे काढून घेण्याचा आदेश आत्ता द्या.”

पाठाऱ्यांनी चष्मा काढला. “उपाय रद्द झालाय म्हणता. मग घाई कशाची? पूर्वभानशिवाय बोगदा चालवायचा नाही, ही परवान्याचीच अट आहे. पुढच्या आठवड्यात…”

मुजावरांनी पान उलटलं आणि ते थबकले.

“काय लिहिलंय?” अश्लेषानं विचारलं.

“‘मेज एकसाठी रद्द. पुढील चाचणी, मेज दोन.’ आज, अकरा चाळीस.”

घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते. मेज दोनवर ढोबळे होता. चहात साखर कमी पडली तरी लाल होणारा ढोबळे. त्याची रेषा छताला लागली असती आणि पूर्वभान खूश झालं असतं.

अश्लेषा कोणाची परवानगी न घेता उठली. जिन्यात मागून पाठाऱ्यांचा आवाज आला, “बाई, बोगदा बंद केलात तर नोकरी जाईल!” ती थांबली नाही. कक्षाचं दार ढकलून ती थेट मेज दोनपाशी गेली, ढोबळेचा हात धरला आणि पट्टा ओरबाडून काढला.

“अहो मॅडम, हे काय!”

मनगटावर पट्टा नाही म्हणजे मेजावर माणूस नाही, आणि दोन्ही मेजं रिकामी म्हणजे बोगदा आपोआप बंद. दोन्ही तोंडांशी लाल दिवे लागले, फाटकं खाली आली. आत असलेल्या गाड्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. अश्लेषा उभ्यानंच मोजत होती. शेवटचा टेम्पो उन्हात गेला तेव्हा अकरा एकोणचाळीस झाले होते.

मिनिटभरानं, ठरल्या वेळी, रिकाम्या बोगद्यातले सगळे दिवे एकदम गेले.

दाराशी उभे असलेले पाठारे काळ्या पडद्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुजावरांपुढे हात केला आणि आदेशाचा कागद मागितला.