रोपं तिकडेच झुकायची

शिंपीणबाईंनी मागच्या खोलीत दिवे बसवले ते नवऱ्याच्या हट्टापायी. जन्मभर बस चालवलेला माणूस, हृदयाच्या ऑपरेशननंतर दीड महिना घरात अडकून पडला होता. म्हणाला, "टोमॅटोची रोपं करू. बसल्या बसल्या पाणी तरी घालीन."

बाहेर अजून थंडी होती. मागच्या खोलीला खिडकी नव्हती, पण जागा तेवढीच मोकळी. त्यांनी कपड्यांच्या रॅकला साखळीने दोन पांढऱ्या ट्यूब टांगल्या, खाली वीतभर अंतरावर मातीचा ट्रे ठेवला, टायमर लावला. सकाळी सहाला चालू, रात्री आठला बंद.

सहाव्या दिवशी कोंब वर आले. नवरा हरखून गेला. "पोरं उठली गं!"

दोन दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं, की सगळी रोपं एका अंगाला कलली आहेत. उजेड होता डोक्यावर, आणि ही माना मोडून डावीकडच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे कोरी भिंत. बाईंनी ट्रे उलटा फिरवला. दुपारपर्यंत रोपं पुन्हा कोपऱ्याकडे वळली. ट्यूब आणखी खाली घेतल्या, तरी तेच.

बिया जिथून आणल्या होत्या, त्या रोपवाटिकेतल्या बाईला त्यांनी फोन केला.

"ताई, रोपाला खोटं बोलता येत नाही. जिकडे उजेड जास्त, तिकडेच ते जाणार."

"अहो, पण तिकडे भिंत आहे."

पलीकडचा आवाज एकदम उतरला. "ट्रे हलवा तिथून... आजच."

पण शाळेच्या गणवेशांचं काम गळ्याशी आलं होतं. बाई मशीनवर बसल्या, आणि संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. मशीन थांबल्यावर त्यांना आठवलं, हे मागच्या खोलीत आहेत.

भिंत चाचपत त्या दारापाशी पोचल्या. आत पहिल्यांदा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख वाटला. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक, भर दुपारी दोरीवर वाळलेल्या कापडासारखा. कोपरा काळाच होता. पण त्याच्या समोरच्या भिंतीवर फिकट उजेड पडला होता, आणि त्यात रोपांच्या सावल्या होत्या. एकेक देठ, प्रत्येकाची दोन दोन पानं. त्यांच्यामध्ये नवऱ्याच्या डोक्याची सावली.

"अहो... उठा."

"थांब ना जरा. अंगातली थंडी गेली बघ..."

"उठा म्हणते ना!"

दंडाला धरून त्यांनी नवऱ्याला बाहेर आणलं. कुठून बळ आलं कोण जाणे. तो कुरकुरला नाही, फक्त मागे बघत राहिला. बाईंनी ट्रे उचलला, दाराला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या मोजायच्या टेपला बांधली. रात्रभर मुठीतून सोडली नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत रोपं तीन दिवसांत ताठ झाली. नवरा चेष्टेने म्हणालाही, "तुझ्या धाकाने सरळ झाली." बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याची दाढी करून द्यायला त्या बसल्या. त्याला हात अजून वर नेववत नव्हता. उजवा गाल आजारी माणसाचा, पिठासारखा. मग त्यांनी हनुवटी धरून तोंड वळवलं.

डावा गाल रापून काळवंडला होता. नाकाच्या शेंड्याची कातडी सोलवटली होती.

"काल कुठे गेला होतात तुम्ही?"

"कुठे जातोय? दुपारभर पलंगावर तर होतो."

बाईंनी ओल्या फडक्याने साबण पुसला. रापलेल्या गालावर चार पांढरे पट्टे राहिले होते, कुणी तिथे बराच वेळ हात ठेवल्यासारखे. त्यांनी त्यावर स्वतःची बोटं टेकवून पाहिली. मग नवऱ्याचा हात घेऊन त्याचीही. दोन्ही पुरेनात. जन्मभर मापं घेतलेला डोळा तो. ते पट्टे गालावरून कानामागे, तिथून पार मानेच्या मणक्यापर्यंत गेले होते.

"काय गं," नवरा म्हणाला, "मापं कसली घेतेस?"