तलावाच्या मोरीपाशी

सासऱ्यांना घेऊन चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, एवढंच काम होतं. मयुरीनं पिशवीत तीन फायली घातल्या, पाण्याची बाटली घातली आणि परतताना खायला डझनभर केळी घातली. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, सकाळपासून पोटात काही घ्यायचं नव्हतं. गावाहून वडशाला येऊन धरलेली गाडी सुटली तेव्हा कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं टेकून बसलं होतं. समोरच्या बाकावर सासूबाई रंभाबाई, आणि त्यांच्याशेजारी सासरे शालिकराम, खिडकीकडे तोंड करून.

मयुरीच्या लग्नाला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत शालिकराम तिच्याशी अकरा शब्द बोलले होते. ती काही मोजायला बसली नव्हती. पण घरात एवढी शांतता असली की मोजदाद आपोआप होते. तसे ते वाईट नव्हते. तिनं चहा ठेवला की कपाकडे पाहायचे, मग तिच्याकडे, आणि मान किंचित हलवायचे. नव्या सुनेला तेवढंही पुष्कळ असतं. नवरा प्रफुल आठवडाभर बल्लारपूरला कामावर असायचा, त्यामुळे घरात तिच्याकडे नीट पाहणारं माणूस तेच एक.

हा आजार सहा वर्षांचा. गावच्या तलावाच्या मोरीतून धानाला पाणी सोडायचं तर कुणाला तरी बुडी मारून तळाचा लाकडी खुंटा काढावा लागतो. मासेमार ढिवरांच्या वस्तीत ते काम शालिकरामांचं; मनगटाला दोर बांधून ते उतरायचे, आणि झटका दिला की काठावरच्यानं ओढून घ्यायचं. सहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ते बुडी मारून वर आले, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसले, आणि मग त्यांना कशातच काही वाटेनासं झालं. जाळं नाही, जेवण नाही, राग नाही. गावानं नाना कारणं काढली. चंद्रपूरच्या डॉक्टर फरहत मात्र म्हणाल्या होत्या, “कारण असायलाच पाहिजे असं नाही. आजार आहे, कोणत्याही दिवशी येऊ शकतो.” तीन प्रकारच्या गोळ्या पुरत्या मुदतीनं देऊन झाल्या. काडीचा फरक नाही. यंदाच्या पोळ्याला ते गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा त्यांनी विरोधही केला नाही. त्या दिवशी रंभाबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “आता हा मानूस माह्या हातून चालला.”

म्हणून हा शेवटचा उपाय. केटामाइन नावाचं भुलीचं जुनं औषध, थोड्या मात्रेत, सलाइनमधून, चाळीस मिनिटं. डॉक्टरबाई शेजारी बसून बोलणार.

“जादू नाही हं,” दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी पुन्हा बजावलं. “काहींना उपयोग होतो, काहींना नाही. औषधानं जमीन भुसभुशीत होते. पेरणी नंतरच्या बोलण्यातून. आत घरचं एक माणूस बसेल, हाताशी. कोण बसतंय?”

रंभाबाई पदर खोचून उठल्याच होत्या. पण शालिकरामांचं बोट हळूहळू वर आलं आणि मयुरीवर थांबलं.

“पाहा जी!” रंभाबाई म्हणाल्या. “तीस वर्षं म्या रांधून घातलं, अन् बोट तिच्याकडं.” त्यांचे डोळे मात्र चमकले. सहा वर्षांत त्या माणसानं पहिल्यांदा काही निवडलं होतं.

खोली लहान होती. हिरवा पडदा, एक पलंग, रक्तदाब मोजायचं यंत्र, भिंतीवर घड्याळ. रीता नावाच्या नर्सनं सुई लावली आणि डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी घेतली. “काकाजी, तिकडं चष्मा लागत नाई, काढून ठेवते,” ती म्हणाली. शालिकरामांनी चष्मा काढू दिला, पट्टी बांधू दिली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं टोक चाचपत मयुरीच्या हातात दिलं.

पहिली दहा मिनिटं काहीच घडलं नाही. थेंब पडत होते. यंत्र मधूनच फुगायचं आणि सुस्कारा टाकून मोकळं व्हायचं. मग मयुरीला वास आला. फिनाइलच्या खालून, अगदी हलका. शेवाळाचा, गाळाचा, कमळाच्या कुजलेल्या देठांचा.

“पाय बुडले,” शालिकराम म्हणाले.

हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. भरलेला, मोकळा, गडीमाणसाचा आवाज.

“कुठे आहात, शालिकरामजी?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तलावात... खाली चाललो.”

“भीती वाटते?”

“नाई जी. लय मोठं हाय... वरतं आभाय हाय, अन् खालतं बी आभाय हाय.”

खोलीतला उजेड हिरवट झाला होता. पडद्यामुळे असेल. पंख्याचा आवाज दूर गेला, कानांत दडे बसले. मयुरीनं आवंढा गिळला, दडे सुटेनात. भिंतींना भिंतीपण राहिलं नव्हतं, कुठल्याशा प्रचंड, शांत जागेत आपण एका खुर्चीवर बसलो आहोत असं तिला वाटत होतं. गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. मोठ्या देवळात गेल्यावर हात आपोआप जोडले जावेत, तसं काहीतरी होत होतं.

“मोरी दिसली,” शालिकराम म्हणाले. “कोनतरी बसून हाय तिथी.”

“कोण?”

“पाठ करून हाय... हात खुंट्यावर...” त्यांनी मान किंचित पुढे केली. “थो मीच होय.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “त्याच्याशी बोलायचंय?”

“बोललो. म्हनते... केव्हाचा झटका देऊन राह्यलो... वरतून कोनी वढतच नाई.”

यंत्र फुगलं आणि मोकळं झालं.

“त्याला वर आणायचंय का, शालिकरामजी?”

मयुरीच्या हातातल्या दुपट्ट्याला एक झटका बसला. तिनं मूठ आवळली. जरा वेळानं दुसरा झटका बसला, आधीच्यापेक्षा हलका.

मयुरीनं ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण काठावरच्या माणसानं दुसरं करायचं काय? पलंगावरच्या माणसाचं वजन ते किती. पण दुपट्टा पाण्यानं भरलेल्या जाळ्यासारखा जड लागत होता. तिनं पलंगाच्या पायाला पाय लावला. “या, मामाजी... या ना...” तळहात जळायला लागले. मग एकाएकी सगळं हलकं झालं, आणि शालिकरामांनी पाण्यातून डोकं वर काढणाऱ्यासारखा मोठा श्वास घेतला आणि ते ढसाढसा रडायला लागले. रडता रडता हसायला लागले.

रीता तोंडावर हात धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं: बारा वाजून वीस मिनिटं.

“मी पुष्कळांना रडताना पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “असं येताना कुणाला पाहिलं नाही.”

शालिकरामांना तासभर निजू द्यायचं होतं. मयुरीनं बाहेर येऊन रंभाबाईंपुढे लाल झालेले तळहात धरले. सगळं सांगितलं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“किती झटके होते?”

“दोन.”

रंभाबाई खाली बसल्या.

“तू वडशाची, तलावाकाठची नाई. तुले कोनी सांगितलं नसन,” त्या म्हणाल्या. “एक झटका म्हंजे मी एकटाच हावो, वढा. दुसरा झटका आला तं वढाचं नाई. हात सैल सोडाचा अन् थांबाचं.”

“काऊन जी, आत्याबाई?” मयुरीनं सासूला विचारलं.

“दुसरा झटका म्हंजे संगं अजून कोनी हाय.” त्या आपल्या हातांकडे पाहत होत्या. “सहा वर्षांपहिले दोर माह्याच हातात होता. एकच झटका आला, पोरी. मी वढलं. अन् हे आले. म्हंजे... हेच आले, असं मले वाटलं.”

इतक्यात दार उघडलं. शालिकराम रीताचा हात बाजूला सारत स्वतःच्या पायांनी बाहेर आले होते.

“रंभे, लय भूक लागली.” मग ते थबकले. “तू एवढी पिकली काऊन? सकाळी तं केस काये होते.”

रंभाबाईंचा हात आपोआप केसांकडे गेला.

“पानी सुटलं काय? खुंटा तं निघाला. धानाले लागलं का नाई?” आणि मयुरीकडे पाहून, मोकळेपणानं: “हे कोनाची पोरगी होय?”

चार महिने त्या माणसाच्या नजरेत ती होती. पाय रोवून ज्याला ओढून आणलं, तो तिला ओळखत नव्हता. याचं वाईट वाटावं हा वेडेपणाच, पण वाटलं.

“मी प्रफुलची बायको, मामाजी.”

“प्रफुलचं लगन झालं?” ते खो खो हसले. “अन् मले बोलावलंच नाई!”

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, बोलणं स्वच्छ. थोडा गोंधळ काही तास राहतो, त्या म्हणाल्या. पण सहा वर्षांचा राहतो का, असं मयुरीनं विचारल्यावर त्यांनी वहीतली नोंद पुन्हा वाचली. सकाळी फोन करायला सांगून त्यांनी सोडलं.

संध्याकाळी चंद्रपूर स्टेशनच्या बाकावर शालिकरामांनी ओळीनं चार केळी खाल्ली. पाचवं सोलून रंभाबाईंच्या हातात दिलं. गाडी उशिरा होती, तर स्टेशनमास्तरवर काहीतरी चावट बोलले. रंभाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मयुरीनं लग्नानंतर सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं. सुख होतं ते. डोळ्यांसमोर बसलेलं, केळी खाणारं सुख. त्याला ‘तू कोण’ म्हणून विचारायची कुणाची छाती होणार?

फोन वाजला. गावाकडून, शेजारचा लालसू.

“वहिनी, तुम्ही कुठी हाय जी?”

“चंद्रपूरले. स्टेशनवर.”

“मंग काकाले एकटंच काऊन परत धाडलं?”

मयुरी बाकापासून चार पावलं दूर गेली.

“कोनाले?”

“शालिकराम काकाले. दुपारपासून तलावाच्या पाळीवर बसून हायत. बारा-साडेबारा झाले असन, म्या पाहिलं तवा. सारं अंग वलं हाय. आतावरी वायलंच नाई... बोलत नाई, उठत नाई.” लालसूचा आवाज खाली आला. “फक्त एकदा म्हनले, सून आली काय?”

मयुरीनं मागे वळून पाहिलं. बाकावरून शालिकराम तिच्याकडेच पाहत होते, परक्या पोरीकडे पाहावं तसे. “कोन होय फोनवर?” त्यांनी हसत विचारलं. रंभाबाई हसत नव्हत्या. त्यांनी मान अगदी थोडी हलवली: नाही.

मयुरीनं पाठ फिरवली. तिला तो चहाचा कप आठवला नाही, ते अकरा शब्दही नाहीत. फक्त एवढंच वाटलं की थंडीचे दिवस आहेत, आणि कुणीतरी ओलं बसलं आहे.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “त्यांना पाण्याजवळून उठवा. अंग पुसा. अन् सांगा... सून येऊन राह्यली.”

पलीकडे लालसू कुणाशी तरी बोलला.

“सांगितलं, वहिनी,” तो म्हणाला. “हासले. अन् उठून तुमच्या घराकडं निघाले.”